अपील ही राज्याची कृपा नव्हे

अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेचा विचार करताना बाहेरच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा वॉशिंग्टनमधील सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. परंतु त्या देशातील खटल्यांचा आणि दाव्यांचा फार मोठा भाग संघराज्याच्या न्यायालयांत कधी पोहोचतच नाही. चोरी, खून, घटस्फोट, मुलांचा ताबा, घरभाडे, अपघाताची नुकसानभरपाई ही सारी प्रकरणे राज्यांच्या न्यायालयांत सुरू होतात आणि बहुधा तेथेच संपतात. खालच्या न्यायालयाची चूक दुरुस्त होण्याची शेवटची खरी जागा सामान्य माणसाच्या दृष्टीने राज्याचे अपील न्यायालय हीच असते. तेथे कोण ऐकते, कसे ऐकते, ऐकण्यापूर्वी अर्जदाराच्या हाती कोणती साधने असतात आणि निकालामागची कारणे त्याला कळतात की नाही, यांवर त्याचे स्वातंत्र्य, त्याची मालमत्ता आणि प्रसंगी त्याचा जीव अवलंबून असतो. असे असूनही अमेरिकी घटनेच्या प्रचलित अर्थानुसार दोषी ठरलेल्या माणसाला अपिलाचा हक्कच नाही. अपील ही राज्याने आपखुशीने दिलेली सवलत मानली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा पायाच चुकीचा आहे आणि राज्यांच्या अपील न्यायालयांतील न्याय्य प्रक्रियेविषयी जी विसंगत, अर्धवट आणि काही वेळा क्रूर ठरणारी सूत्रे पुढे तयार झाली, ती बहुतांशी या पायावर उभारणी केल्यामुळेच झाली.

यादवी युद्धानंतर १८६८ साली अमेरिकी घटनेत चौदावी दुरुस्ती झाली. कायद्याच्या उचित प्रक्रियेवाचून कोणत्याही राज्याने कोणत्याही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेऊ नये, असे बंधन तिने घातले आणि त्याच कलमात कायद्याच्या समान संरक्षणाचीही हमी दिली. उचित प्रक्रियेचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल : ज्याच्याविरुद्ध राज्याची सत्ता वापरली जाणार आहे, त्याला आरोपाची पूर्वसूचना मिळाली पाहिजे, म्हणणे मांडण्याची खरीखुरी संधी मिळाली पाहिजे आणि निर्णय करणारा तटस्थ असला पाहिजे. ही बंधने खटल्याच्या न्यायालयाला लागू आहेत याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो खटला संपल्यानंतरचा. १८९४ साली ‘मॅकेन विरुद्ध डर्स्टन’ या न्यूयॉर्कमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, गुन्हा कितीही गंभीर असला तरी दोषसिद्धीचा वरच्या न्यायालयाकडून फेरविचार होणे हा उचित प्रक्रियेचा आवश्यक भाग नाही. इंग्लंडमधून आलेल्या रूढ कायद्यात तसा हक्क नव्हता, म्हणून तो द्यायचा की नाही आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे ज्या त्या राज्याने ठरवावे.

या विधानाचे वजन तपासण्यापूर्वी ते कोणत्या संदर्भात झाले हे पाहणे अगत्याचे आहे. न्यूयॉर्क राज्याने अपील नाकारले होते, असा तो वाद नव्हताच. अपील दाखल झालेले होते आणि त्याच्या सुनावणीपर्यंत जामीन मिळण्याचा हक्क आहे काय, एवढाच प्रश्न होता. अपील हक्क आहे की नाही, हे ठरवल्यावाचूनही त्या प्रश्नाचे उत्तर देता आले असते. प्रकरणाच्या निर्णयाला आवश्यक नसलेले असे विधान पुढे शंभराहून अधिक वर्षे जणू घटनेच्या मजकुराचा भाग असल्याप्रमाणे उद्धृत होत राहिले. दुसरे असे की, ज्या इतिहासाचा आधार त्या निकालाने घेतला, तो इतिहास त्याच काळात बदलत होता. १८८९ आणि १८९१ च्या कायद्यांनी अमेरिकी संसदेने संघराज्याच्या न्यायालयांतील गंभीर फौजदारी खटल्यांत अपिलाची वाट मोकळी केली होती. खुद्द इंग्लंडने १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपील न्यायालय स्थापन केले आणि एका निरपराध माणसाची ओळख पटवण्यातील चुकीमुळे दोनदा झालेली दोषसिद्धी हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. रूढ कायद्याने अपील नाकारले होते ते ज्यूरीवरच्या श्रद्धेपोटी, आणि ही श्रद्धा अपुरी आहे असे त्या कायद्याच्या मायभूमीनेच कबूल केले. १८९४ च्या विधानाचा ऐतिहासिक आधार अशा रीतीने तेरा वर्षांतच निसटला. विधान मात्र टिकून राहिले.

त्याच्या छायेत विसाव्या शतकाच्या मध्याला एक वेगळा विचार वाढू लागला. राज्याने अपील दिलेच पाहिजे असे नाही, पण एकदा दिले की ते न्याय्य रीतीने दिले पाहिजे, हा तो विचार होय. १९४८ च्या ‘कोल विरुद्ध आर्कान्सा’ या प्रकरणात काही कामगारांना कायद्याच्या एका कलमाखाली दोषी ठरवले गेले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम केली, परंतु दुसऱ्याच कलमाच्या आधारे. ज्या आरोपावर खटला चाललाच नाही, त्या आरोपावर अपिलात माणसाला दोषी ठेवणे उचित प्रक्रियेत बसत नाही, असा एकमताचा निकाल तेव्हा झाला. अपील न्यायालयाची बैठक घटनेच्या कक्षेबाहेर नाही, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

१९५६ चा ‘ग्रिफिन विरुद्ध इलिनॉय’ हा निकाल त्याहून दूरगामी ठरला. इलिनॉय राज्यात अपिलात खटल्यातील चुका दाखवायच्या तर साक्षीपुराव्याची शब्दशः नोंद लागे आणि तिची नक्कल विकत घ्यावी लागे. देहान्त शिक्षा झालेल्या नादार कैद्यांना ती फुकट मिळे, बाकीच्या नादारांना नाही. सशस्त्र दरोड्याच्या आरोपाखाली दोषी ठरलेल्या दोघांनी ही नक्कल विनामूल्य मागितली. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा की, माणसाच्या हाती किती पैसे आहेत यावर त्याच्या खटल्याचा दर्जा ठरत असेल, तर तेथे समान न्याय नांदू शकत नाही, आणि खटल्याला लागू असलेले हे तत्त्व अपिलालाही लागू आहे. पाच विरुद्ध चार अशा मतांनी झालेल्या या निकालाला न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोध केला. राज्याने निर्माण न केलेली गरिबी दूर करणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मॅकेनचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हार्लन हे त्यांचे आजोबा होते. गरिबी राज्याने निर्माण केली नाही हे खरेच. पण नोंदीवाचून अपील ऐकले जाणार नाही हा नियम राज्याचाच होता आणि तुरुंगाची भिंतही राज्याचीच होती. कैदेत टाकलेल्या माणसाला बाहेर जाऊन पैसे कमावण्याची वाट उरत नाही, ही साधी गोष्ट हार्लन यांच्या एरवी काटेकोर असलेल्या युक्तिवादातून निसटली.

१८ मार्च १९६३ रोजी, खटल्यात नादार आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे असे सांगणारा सुप्रसिद्ध गिडियन निकाल लागला. त्याच दिवशी ‘डग्लस विरुद्ध कॅलिफोर्निया’ या प्रकरणात पहिल्या हक्काच्या अपिलातही नादाराला वकील दिला पाहिजे असे ठरले. कॅलिफोर्नियात तेव्हा अपील न्यायालय स्वतःच नोंद चाळून वकिलाचा काही उपयोग होईल की नाही हे ठरवी आणि मगच वकील नेमी. श्रीमंताचे अपील वकिलाच्या युक्तिवादासह ऐकले जाते आणि गरिबाच्या अपिलाची किंमत युक्तिवाद होण्यापूर्वीच ठरवली जाते, ही विषमता घटनेला मान्य नाही, असे बहुमताने म्हटले. १९८५ च्या ‘एव्हिट्स विरुद्ध ल्युसी’ या केंटकीतील प्रकरणाने याच विचाराचे पुढचे पाऊल टाकले. तेथे वकिलाने अपिलाचे निवेदन दाखल केले, पण पक्षकार, वकील आणि न्यायाधीश यांची नावे वगैरे तपशील भरावयाचा एक नमुना जोडला नाही, एवढ्याच कारणावरून अपील फेटाळले गेले होते. नाममात्र वकील देणे पुरेसे नाही, तो कामाचा असला पाहिजे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. राज्याने जी गोष्ट ऐच्छिक म्हणून दिली, ती काढून घेतानाही उचित प्रक्रिया पाळावी लागते, हे सूत्र या निकालाने पक्के केले. मिसिसिपीतील एका आईचे मुलांवरील पालकत्वाचे सर्व हक्क न्यायालयाने कायमचे संपुष्टात आणले आणि नोंद तयार करण्याचे २,३५२ डॉलर ३६ सेंट भरता आले नाहीत म्हणून तिचे अपील अडले, तेव्हा १९९६ साली हेच सूत्र फौजदारी कक्षेच्या बाहेरही लागू झाले.

येथपर्यंतची वाटचाल आश्वासक दिसते. परंतु राज्याच्या औदार्यावर उभारलेल्या हक्काची मर्यादा १९७४ च्या ‘रॉस विरुद्ध मॉफिट’ या उत्तर कॅरोलिनातील प्रकरणात उघड झाली. बहुतेक राज्यांत अपिलाच्या दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर मधले अपील न्यायालय प्रत्येक प्रकरण ऐकण्यास बांधलेले असते. दुसऱ्या पायरीवर राज्याचे सर्वोच्च न्यायालय आपल्याला महत्त्वाची वाटतील तेवढीच प्रकरणे निवडून घेते, म्हणून तिला विवेकाधीन अपील म्हणतात. या दुसऱ्या पायरीवर नादाराला वकील देण्यास राज्य बांधलेले नाही, असे न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी बहुमताच्या वतीने ठरवले. खटल्यात आरोपीला राज्याच्या हल्ल्यापासून बचावासाठी वकील लागतो. अपिलात तो स्वतःच निकालावर हल्ला चढवत असतो. शिवाय दुसऱ्या पायरीवर जाताना त्याच्या हाती खटल्याची नोंद, पहिल्या अपिलातील वकिलाचे लेखी म्हणणे आणि बहुधा निकालपत्र असते, तेवढ्यावर त्याने अर्ज करावा, अशी ही मांडणी होती. राज्याचे सर्वोच्च न्यायालय चूक-बरोबर पाहत नसून प्रश्नाचे सार्वजनिक महत्त्व पाहत असते, हाही त्यातील एक आधार होता.

हा शेवटचा आधार नीट पाहिला, तर तो नेमका उलट निष्कर्षाकडे नेतो. आपल्यावर अन्याय झाला हे अशिक्षित माणूसही आपल्या शब्दांत सांगू शकतो. आपल्या प्रकरणातील मुद्दा पूर्वीच्या निकालांशी विसंगत आहे, राज्यातील दोन अपील न्यायालयांनी त्यावर भिन्न मते दिली आहेत किंवा त्या मुद्द्यावर शेकडो इतर प्रकरणे अवलंबून आहेत, हे मात्र त्याला सांगता येणे जवळजवळ अशक्य असते. निवड चुकीवर न होता महत्त्वावर होणार असेल, तर वकिलाची गरज वाढते; घटत नाही. २००५ च्या ‘हॅल्बर्ट विरुद्ध मिशिगन’ या प्रकरणात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी राज्यांच्या तुरुंगांतील ६८ टक्के कैद्यांचे शालेय शिक्षण पूर्ण झालेले नाही, ही आकडेवारी नमूद केली होती. मिशिगनने १९९४ साली राज्यघटना बदलून, गुन्हा कबूल करणाऱ्यांचे हक्काचे अपील काढून घेतले होते आणि त्यांच्यासाठी परवानगीने करावयाचे अपील ठेवले होते. नाव विवेकाधीन असले तरी चूक तपासणारी ती पहिलीच पायरी आहे, म्हणून तेथे वकील दिलाच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. निकाल योग्य होता. पण तो देण्यासाठी बहुमताला हे अपील पहिले की दुसरे याची मोजदाद करावी लागली, कारण रॉसने आखलेली रेषा पुसण्याची त्याची तयारी नव्हती.

या रेषेच्या पलीकडे काय घडते, हे व्हर्जिनियातील ‘कोलमन विरुद्ध थॉम्पसन’ या १९९१ च्या निकालात दिसते. थेट अपील संपल्यानंतर कैद्याला एक स्वतंत्र अर्ज करून, खटल्याच्या वेळी नोंदीत न आलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ बचावाच्या वकिलाचा निष्काळजीपणा, न्यायालयापुढे मांडता येतात. या कार्यवाहीत वकील देण्याचे घटनात्मक बंधन नाही, असे १९८७ सालीच ठरले होते. देहान्त शिक्षा झालेल्या कोलमन यांच्या वकिलांनी अशा अर्जावरील निकालाविरुद्ध अपिलाची सूचना तीन दिवस उशिरा दाखल केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि मग संघराज्याच्या न्यायालयांचे दारही बंद झाले, कारण ज्या टप्प्यावर वकिलाचा हक्क नाही, त्या टप्प्यावरील वकिलाची चूक ही अशिलाचीच चूक समजावी, असे तर्कशास्त्र लावले गेले. १९९२ साली शिक्षेची अंमलबजावणी झाली. २००६ साली झालेल्या डीएनए चाचणीने त्यांचा अपराध पक्का केला, हेही येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. या चाचणीमुळे आधीच्या प्रक्रियेचे समर्थन होते असे ज्यांना वाटते, त्यांचा विचार अपुरा आहे. तीन दिवसांच्या उशिरामुळे दार बंद करणाऱ्या न्यायालयाला १९९१ साली तो माणूस अपराधी आहे की निरपराध, हे त्या चाचणीइतक्या निश्चितीने ठाऊक नव्हते, आणि त्याच नियमाने त्याने निरपराध माणसालाही परत पाठवले असते.

लुइझियाना राज्यातील प्रकरण याहून खोलवर विचार करायला लावणारे आहे. ग्रेटना येथील पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयात, वकील नसलेल्या कैद्यांनी स्वतः लिहून पाठवलेले अर्ज १९९४ पासून २००७ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, न्यायाधीशांनी वाचलेच नाहीत. कायद्याप्रमाणे असा प्रत्येक अर्ज तीन न्यायाधीशांच्या पीठाने विचारात घ्यावयास हवा होता; प्रत्यक्षात न्यायालयाच्या कर्मचारीवर्गाचा प्रमुख ते हाताळी, नकाराचे आदेश तोच तयार करी आणि ते न्यायाधीशांच्या नावाने निघत. २००७ साली त्या अधिकाऱ्याने आपले जीवन संपवले आणि मागे ठेवलेल्या पत्रात ही पद्धत लिहून ठेवली, तेव्हा ती उजेडात आली. त्यानंतर शेकडो कैद्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. २००८ साली त्या न्यायालयाने जो उपाय मान्य केला, तो पाचव्या विभागाच्या न्यायालयानेच सुचवलेला होता : त्याच न्यायालयातील, पूर्वीच्या पीठांवर नसलेल्या न्यायाधीशांनी अर्ज पुन्हा पाहावेत. ज्या संस्थेकडून उचित प्रक्रियेचा भंग झाला, त्याच संस्थेच्या हाती त्याच्या परिमार्जनाचे काम सोपवण्यात आले. २०१९ साली या कैद्यांपैकी एकाचे प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा ते दाखल करून घेण्यात आले नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी मात्र त्या प्रसंगी स्वतंत्र टिपण लिहून या पद्धतीविषयी तीव्र चिंता व्यक्त केली.

हा प्रकार एका न्यायालयाचा अपवादात्मक गैरव्यवहार म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण तो तेरा वर्षे चालू शकला याचे कारण व्यवस्थेत होते. प्रत्येक अर्जामागे वकील असता, तर एकाच साच्यातील नकार कधी तरी कोणाच्या तरी नजरेत भरले असते. प्रत्येक नकारामागे प्रकरणाला धरून कारणे लिहिणे बंधनकारक असते, तर नोंद न वाचता आदेश काढणे इतके सोपे झाले नसते. वकील आणि कारणे या दोन्ही गोष्टी त्या पायरीवर अनावश्यक ठरवल्या गेल्या होत्या, आणि दोन्ही नसल्यावर तिसरी, म्हणजे खुद्द न्यायाधीश, नसल्याचेही कोणाला कळले नाही. कारणांच्या बाबतीत फ्लोरिडाची पद्धतही विचारात घेण्यासारखी आहे. तेथील जिल्हा अपील न्यायालये अनेक प्रकरणांत ‘निकाल कायम’ एवढेच लिहून अपील निकालात काढतात आणि १९८० च्या राज्यघटना दुरुस्तीनंतर, कारणमीमांसा नसलेल्या अशा निकालाविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येत नाही. कामाच्या ओझ्याने दबलेल्या न्यायालयांनी प्रत्येक प्रकरणात प्रबंध लिहावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तरीही कारण न देणे हेच पुढचा मार्ग बंद करण्याचे साधन होत असेल, तर हरलेल्या पक्षाने मांडलेल्या मुख्य मुद्द्याला दोन-तीन वाक्यांचे तरी उत्तर मिळणे हा न्याय्य सुनावणीचा भाग मानला पाहिजे. ऐकून घेतले याचा दुसरा पुरावा लेखी कार्यवाहीत असू शकत नाही.

तटस्थतेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अधिक ठाम भूमिका घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. १९८६ साली अलाबामातील एका प्रकरणात, विमा कंपन्यांविरुद्ध स्वतःचेच तशा स्वरूपाचे दावे प्रलंबित असलेल्या न्यायमूर्तींनी त्याच कायदेशीर प्रश्नावर पाच विरुद्ध चार मतांचा निर्णायक निकाल लिहिला होता. तो रद्द झाला. पश्चिम व्हर्जिनियातील ‘केपर्टन विरुद्ध मॅसी कोल’ हे प्रकरण तर निवडणुकीने येणाऱ्या न्यायाधीशांच्या व्यवस्थेचे मर्म दाखवणारे आहे. २००२ साली ज्यूरीने कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाणार हे निश्चित असताना २००४ च्या न्यायालयीन निवडणुकीत कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ३० लाख डॉलर एका उमेदवाराच्या बाजूने खर्च केले. त्यातील फक्त १,००० डॉलर ही कायद्याने मर्यादित केलेली थेट देणगी होती, बाकीचे स्वतंत्र प्रचाराच्या मार्गाने आले. तो उमेदवार निवडून आला, बाजूला होण्याच्या विनंत्या त्याने नाकारल्या आणि तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई रद्द झाली. २००९ साली न्यायमूर्ती केनेडी यांनी पाच जणांच्या बहुमताने ठरवले की, प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करण्याची गरज नाही. पक्षपाताचा संभव असह्य प्रमाणात असेल तर उचित प्रक्रियेचा भंग होतो. २०१६ साली पेनसिल्व्हेनियातील प्रकरणात तेच तत्त्व आणखी पुढे गेले. जिल्हा सरकारी वकील असताना ज्यांनी एका आरोपीसाठी देहान्त शिक्षा मागण्यास मंजुरी दिली होती, तेच पुढे राज्याचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून त्याच्याच प्रकरणात बसले. त्यांचे मत निर्णायक नव्हते, तरी पीठाच्या विचारविनिमयात त्यांचा सहभाग असणे हाच दोष मानला गेला.

या निकालांचे स्वागत करतानाच एक विसंगती नजरेआड करता येत नाही. पीठावरचा एक माणूस पक्षपाती असण्याचा संभव असला, तर घटना हस्तक्षेप करते. पण पीठच नसले, म्हणजे राज्याने अपील ठेवलेच नाही, तर मॅकेननुसार घटनेचे काहीच म्हणणे नाही. ही विसंगती १९९४ च्या ‘होंडा विरुद्ध ओबर्ग’ या निकालाशेजारी ठेवली म्हणजे अधिकच बोचते. ओरेगॉन राज्याच्या घटनेत १९१० साली झालेल्या दुरुस्तीने, ज्यूरीने ठरवलेल्या दंडात्मक भरपाईच्या रकमेचा फेरविचार करण्यास न्यायालयांना जवळजवळ मनाई केली होती. वाहन बनवणाऱ्या कंपनीवर बसलेल्या ५० लाख डॉलरच्या भरपाईच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई उचित प्रक्रियेच्या विरुद्ध ठरवली. ज्यूरीच्या मनमानीपासून संरक्षण म्हणून न्यायिक फेरविचार आवश्यक आहे, असा तो निर्णय होता. त्याचा आधारही इतिहासच होता : रूढ कायद्यात भरपाईच्या रकमेचा फेरविचार होत असे, म्हणून तो हवा, दोषसिद्धीचा होत नसे, म्हणून तो नको. इतिहास हीच एकमेव कसोटी मानली की, कंपनीच्या पैशाला जे संरक्षण मिळते, ते माणसाच्या स्वातंत्र्याला नाकारले जाते. ज्या कसोटीतून असे फळ निघते, ती कसोटी पुरेशी नाही, असेच म्हटले पाहिजे.

विरोधी पक्षाचे युक्तिवाद दुर्बल नाहीत. अमेरिका हे संघराज्य आहे, राज्यांनी आपली न्यायालये आपल्या परीने रचावीत, हा त्या घटनेचा आत्मा आहे. परंतु अपिलाचा हक्क मान्य केल्याने सर्व राज्यांना एकच रचना स्वीकारावी लागत नाही. एक पायरी की दोन, तोंडी सुनावणी की लेखी, हे राज्येच ठरवू शकतात. खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण जवळजवळ सर्व राज्ये पहिले अपील आजच देतात. दुसऱ्या पायरीवर जो खर्च वाढेल तो मुख्यतः, पहिले अपील चालवलेल्या वकिलाने काही पानांचा अर्ज लिहिण्याचा. सर्वांत गंभीर आक्षेप अंतिमत्वाचा आहे : वाद कुठे तरी संपला पाहिजे, पीडितालाही शेवट मिळाला पाहिजे. हे पूर्णपणे मान्य करावे लागते. मात्र अंतिमत्वाला मान मिळतो तो आधीची तपासणी खरी असल्यामुळे. न वाचलेल्या अर्जावरील नकार अंतिम ठरला, तर पीडितालाही खात्री मिळत नाही, आणि लुइझियानातील कैद्यांची प्रकरणे पुन्हा उघडण्याची वेळ आली ती पहिली तपासणी खोटी होती म्हणूनच.

याच प्रश्नाचे वेगळे उत्तर भारतात दिले गेले आणि ज्या प्रकरणात ते दिले गेले त्यात महाराष्ट्र शासन पक्षकार होते. उचित प्रक्रियेचे अमेरिकी कलम भारताच्या घटनाकारांनी जाणूनबुजून टाळले होते. घटनेचे सल्लागार बी. एन. राव यांची न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी झालेली चर्चा त्यामागे होती, आणि त्यामुळे राहिलेली उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेविषयीच्या संरक्षणांचे नवे कलम मांडले. पुढे १९७८ च्या जानेवारीत मनेका गांधी निकालाने प्रक्रिया न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे असे ठरवले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अपिलाच्या संदर्भातील अर्थ सांगितला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल कैद्याच्या हाती वेळेवर पडली की नाही, असा वाद त्यात होता. दीर्घ कारावासाच्या शिक्षेविरुद्ध निदान एक अपील हा सुसंस्कृत न्यायव्यवस्थेचा मूलभूत घटक आहे, तुरुंगाधिकाऱ्याने निकालाची नक्कल विनामूल्य देऊन पोच घेतली पाहिजे आणि गरजू कैद्याला वकील दिला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. होसकोट यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीसाठी, म्हणजे पूर्णपणे विवेकाधीन पायरीवर होता. रॉसनंतर अवघ्या चार वर्षांनी, रॉसने जेथे हक्क थांबवला त्याच पायरीविषयी भारतीय न्यायालय उलट दिशेने बोलत होते. भारतात अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात आणि मोफत विधी साहाय्याचा दर्जा फार असमान आहे, त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात भारतीय कैदी अधिक सुखी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु अपील हा कृपेचा विषय नसून स्वातंत्र्य हिरावून घेण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे, हे तत्त्व संघराज्याची व्यवस्था न मोडता स्वीकारता येते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

अमेरिकेतही राज्यांची पावले त्या दिशेने पडत आहेत. पश्चिम व्हर्जिनियाने केपर्टन प्रकरणानंतर अपिलाचे नियम बदलले आणि २०२२ साली मधले अपील न्यायालय सुरू केले. व्हर्जिनियात दोषसिद्धीविरुद्धचे अपील दीर्घकाळ न्यायालयाच्या परवानगीवर अवलंबून होते. १ जानेवारी २०२२ पासून ते हक्काचे झाले आणि त्यासाठी तेथील अपील न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या ११ वरून १७ करण्यात आली. ही प्रगती मोलाची आहे. पण जे विधिमंडळ देते, ते विधिमंडळ परतही घेऊ शकते, आणि मिशिगनने १९९४ साली राज्यघटनेत बदल करून तसे अंशतः घडवून दाखवले. १९८३ च्या ‘जोन्स विरुद्ध बार्न्स’ या प्रकरणातील आपल्या विरोधी मताच्या तळटिपेत न्यायमूर्ती ब्रेनन यांनी असा अंदाज व्यक्त केला होता की, अपिलाच्या हक्काचा प्रश्न थेट समोर आला, तर न्यायालय मॅकेनचे विधान पाळणार नाही, कारण एकट्या न्यायाधीशाच्या हाती माणसाच्या स्वातंत्र्याविषयी असा अंतिम अधिकार दिल्यास चुकीच्या दोषसिद्धीचा धोका असह्य होईल. तो प्रश्न तसा थेट समोर आलेला नाही, कारण अपील पूर्णपणे नाकारण्याचे धाडस कोणतेही राज्य करत नाही. आणि तो समोर येत नाही तोवर वकील कोणत्या पायरीपर्यंत द्यायचा, कारणे लिहायची की नाही आणि तीन दिवसांच्या उशिराची किंमत कोणी मोजायची, हे सारे १८९४ साली एका जामिनाच्या अर्जात केलेल्या त्या विधानाच्या आधारे ठरत आहे.